टबच्या वीतभर बाहेर: साडेआठ वर्षांच्या सशाची बिघडलेली शूची सवय

पार्श्वभूमी

पुण्यातलं, कोथरूडमधलं पाच जणांचं घर. आजी, मुलगा, सून आणि शाळेत जाणारी दोन नातवंडं. घरात पांढरा नर ससा, वय साडेआठ वर्षं, वजन 2.4 किलो. त्याला इथे कापश्या म्हणू. त्याचं नाव आणि घरच्यांची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

कापश्याची नसबंदी दुसऱ्या वर्षीच झालेली. तेव्हापासून तो हॉलच्या कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या टबातच शू करायचा. साडेसहा वर्षं या सवयीत खंड नव्हता. टबची कड 16 सेंटीमीटर उंच होती. तो टुणकन आत उडी मारायचा आणि काम झालं की बाहेर. दिवसभर घरात मोकळा असायचा, रात्री आजींच्या पलंगाखाली गोधडीवर झोपायचा.

दिवाळीनंतर सोसायटी पुनर्विकासाला गेली आणि कुटुंब दोन किलोमीटरवर भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलं. जुन्या घरात झिजलेली, खरबरीत मोझॅकची फरशी होती आणि हॉलभर जाजम. नव्या घरात गुळगुळीत, तोंड दिसेल अशा व्हिट्रिफाइड टाइल्स. जाजम खोक्यात गेलं ते माळ्यावरच राहिलं. हा तपशील तेव्हा कुणालाच महत्त्वाचा वाटला नाही. मलाही तो पहिल्या फोनवर विचारावासा वाटला नाही.

मी पशुवैद्य नाही. चौदा-पंधरा वर्षं ससे पाळते आहे आणि ओळखीतून कुणी बोलावलं की घरी जाऊन बघते. या घरी मी संक्रांतीनंतर तीन दिवसांनी गेले.

अडचण

तक्रार एका वाक्यात आली होती: "म्हातारपणी सगळी सवय विसरलाय." खोदून विचारल्यावर त्या एका वाक्यातून दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या.

पहिल्या आठवड्यात दारांच्या उंबऱ्यांपाशी आणि सोफ्याच्या पायाशी सुक्या, सुट्या लेंड्या पडत होत्या. नव्या जागेत ससा हे करतोच, ही जागा माझी आहे एवढंच त्याला सांगायचं असतं. आठ-दहा दिवसांत ते आपोआप थांबलंही होतं.

दुसरी गोष्ट डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाली. आता लघवीची थारोळी दिसू लागली, भिंतीवर उडालेली नव्हे तर फरशीवर पसरलेली. काही सोफ्यामागे, काही गोधडीवर आणि सगळ्यात जास्त टबच्या शेजारी. घरच्या वहिनी म्हणाल्या, "ताई, टबच्या अगदी वीतभर बाहेर करतो हो. मुद्दाम केल्यासारखं. त्याचाच जास्त राग येतो."

ती वीतभर जागा मला महत्त्वाची वाटली. सवय विसरलेला ससा कुठेही करेल. जो टबपर्यंत चालत जातो, त्याला टब आठवतो, कुठे करायचं तेही आठवतं. अडचण शेवटच्या वीतभरात आहे.

घरच्यांनी आधी काय केलं

त्यांनी कापश्याला 19 दिवस पिंजऱ्यात ठेवलं होतं. लहान जागेत ठेवायचं, सवय लागली की हळूहळू मोकळं सोडायचं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. सल्ला खोटा नाही. सहा महिन्यांच्या पिल्लाला शिकवताना मीही असंच करते. पण तीन फूट बाय दोन फुटांच्या पिंजऱ्यात तोच उंच कडेचा टब ठेवल्यावर उरलेल्या जागेत त्याला धड लांब होऊन झोपताही येत नव्हतं. तो टबच्या बाहेर करायचा आणि त्याच ओल्यात बसून राहायचा.

टबात सुताराकडचा भुसा होता. त्यात प्लायवूडचा चुरा आलेला, हात घातला की धूळ उडायची. फरशी फिनेलने पुसली जात होती. वहिनींचे यजमान डाग दिसला की जोरात टाळी वाजवून ओरडायचे. त्यामुळे कापश्या त्यांची चाहूल लागली की सोफ्यामागे जायचा, आणि घाबरल्यावर तिथेच करायचा.

एका दवाखान्यात त्यांनी त्याला दाखवलं होतं. तिथे कुत्री-मांजरं बघतात, सशाची फारशी सवय नव्हती. "वय झालंय, चालायचंच" असं सांगून परत पाठवलं. एकूण पाच आठवडे असे गेले.

पहिल्या भेटीत दिसलेलं

मी दीड तास हॉलमध्ये जमिनीवर बसून राहिले. ससा काय करतो हे बघायचं तर आधी त्याने आपल्याला विसरायला हवं.

साडेसहाच्या सुमाराला कापश्या सोफ्यामागून निघाला. पायपुसण्यावर बरा उभा होता. टाइलवर पहिलं पाऊल टाकलं आणि मागचे दोन्ही पाय बाजूला सरकले, ओल्या घाटावर आपले सरकतात तसे. त्याने पुढच्या पायांवर जोर देऊन स्वतःला ओढलं, थांबला, पुन्हा ओढलं. सशाच्या तळव्याला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसती लव असते. गुळगुळीत फरशीवर त्या लवेला काही पकडच मिळत नाही.

तो टबपाशी पोचला. पुढचे दोन्ही पंजे कडेवर ठेवले. मागचा भाग दोनदा खाली-वर झाला, उडी मारायच्या आधी होतो तसा. उडी आलीच नाही. पंजे खाली घेतले, टबला अंग चिकटवून बसला आणि तिथेच शू केली. एरवी शू करताना ससा उचलतो तशी शेपटी वर गेली नाही, पार्श्वभागही उचलला गेला नाही.

वहिनी तोंडावर हात ठेवून बघत होत्या. "मी रोज फक्त डाग बघत होते," त्या म्हणाल्या.

नंतर त्यांनी त्याला मांडीवर धरलं आणि मी मागच्या पायांच्या आतली लव बाजूला केली. लव चिकटून तिच्या जुड्या झालेल्या, खालची कातडी लालसर आणि ओलसर. लघवीत बसून बसून कातडी पोळली होती. लवेच्या टोकांवर खडूच्या भुकटीसारखं पांढरं काहीतरी लागलेलं. सोफ्यामागचा वाळलेला डाग नखाने खरवडला तर तिथेही तीच पूड. घरच्यांना तो टाइल्सच्या सांध्यातला पांढरा सिमेंट वाटत होता.

ही पूड कॅल्शियमची. माणसाचं शरीर अन्नातून लागेल तेवढंच कॅल्शियम आत घेतं. सशाचं आतडं खाण्यात असेल तेवढं बरंचसं आत घेतं आणि जास्तीचं लघवीतून टाकतं. म्हणून सशाची लघवी थोडी गढूळ असतेच. पण वाळल्यावर एवढा थर उरत असेल, तर मूत्राशयात गाळ साचतोय का हे बघायला हवं.

खाण्याचं विचारलं. रोज सकाळ-संध्याकाळ मोठी जुडी लसूणघास, वर मेथी, कोथिंबीर आणि वाटीभर पेलेट, म्हणजे सशाच्या तयार खाद्याच्या गोळ्या. लसूणघास जनावरांना उत्तम चारा, वाढत्या पिल्लाला आणि व्यायलेल्या मादीलाही ठीक. पण त्यात साध्या गवताच्या दुप्पट-तिप्पट कॅल्शियम असतं. कापश्या साडेआठ वर्षं तेच खात होता. जुन्या घरात तो दिवसभर पळायचा, पाणी प्यायचा, गाळ ढवळला जाऊन बाहेर पडायचा. इथे तो एका जागी बसून होता.

आजींची नोंद

दवाखान्याची वेळ चार दिवसांनी मिळाली. तोवर प्रत्येक शूची नोंद ठेवा, असं मी सांगितलं. मुलांनी फोनमध्ये तक्ता केला आणि दुसऱ्या दिवशी विसरली. आजींनी मात्र कालनिर्णयच्या जानेवारीच्या पानावर, त्या-त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने खुणा केल्या. टबात असेल तर ठिपका, बाहेर असेल तर फुली. पहाटेच्या फुलीखाली छोटी रेघ. त्या साडेचारला उठतात, त्यामुळे ज्या वेळेला घरातलं दुसरं कुणी जागं नसतं तीही नोंदली गेली.

चार दिवसांत 9 ठिपके आणि 21 फुल्या झाल्या. त्यातल्या 13 फुल्यांखाली रेघ होती.

ससा पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळ्यात जास्त हालतो. कापश्या मात्र नेमका पहाटेच, रात्रभर एका जागी बसून उठल्यावर, थंडीत, टबपर्यंत पोचत नव्हता. दुपारी, थोडं चालून झाल्यावर, कधीमधी जमत होतं. ठिपके बहुतेक दुपारचेच होते. आखडलेल्या सांध्यांचा संशय त्या पानामुळे मला पक्का वाटू लागला. पुढे डॉक्टरांनीही ते पान नीट वाचलं.

समोरचे पर्याय

त्या चार दिवसांत घरात बरीच चर्चा झाली. काही बोलणी माझ्यासमोर झाली, काही फोनवर.

यजमानांचं म्हणणं होतं, गॅलरीत ठेवू. भाड्याचं घर आहे, फ्लॅटमालक कुरकुरतील. त्यांची काळजी खरी होती. पण गॅलरीला जाळी नव्हती, कठड्यावरून मांजरं फिरायची आणि दोन महिन्यांनी पुण्याचं दुपारचं ऊन तिथे थेट येणार होतं. तिशीच्या पुढचं तापमान सशाला जड जातं, त्याला घाम येत नाही.

मुळशीकडच्या एका नातेवाइकांच्या शेतावर सोडायचाही विषय निघाला. मी स्पष्ट सांगितलं: घरात वाढलेला, पाय न उचलणारा ससा तिथे कुत्र्यांपासून आणि मुंगसांपासून एक रात्र वाचणार नाही. आजींनी हा विषय पुन्हा निघू दिला नाही.

वहिनींनी लहान बाळाचे डायपर आणून ठेवले होते. पोळलेल्या कातडीवर ओलं आणखी दाबून ठेवायचं म्हणजे जखमच. शिवाय ससा रोज मऊ लेंड्या थेट शरीरातून बाहेर येतानाच खातो, त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. डायपर घातलं तर तेही बंद.

सगळ्यात धोक्याचा पर्याय औषधांच्या डब्यात होता. "लघवीचं इन्फेक्शनच असणार" म्हणून धाकट्याच्या तापातल्या उरलेल्या अमॉक्सिसिलिनचे दोन थेंब द्यायचा विचार चालला होता. पेनिसिलिन वर्गातलं अँटिबायोटिक तोंडाने दिलं, तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, घातक वाढतात आणि ससा दगावू शकतो. ही बाटली मी माझ्यासमोर कचऱ्यात टाकायला लावली.

उरला तो नीट तपासणीचा मार्ग. खर्चाचा प्रश्न होता. एक्स-रे, रक्त, लघवी मिळून साडेतीन-चार हजारांचा अंदाज होता. "साडेआठ वर्षांच्या सशावर?" असा प्रश्न यजमानांनी विचारला, आणि तो कठोरपणे नव्हे, खरंच विचारला. मी म्हटलं, नीट सांभाळलेला ससा दहा-बारा वर्षं जगू शकतो. पुढची दोन-तीन वर्षं त्याने दुखण्यात काढायची की नाही, एवढंच ठरवायचं आहे.

तपासणी आणि दोन कठीण निर्णय

सशांची सवय असलेल्या डॉक्टरांकडे गेलो. जाताना त्याला उपाशी ठेवायचं का, असं वहिनींनी विचारलं. अजिबात नाही. सशाला उलटी होत नाही आणि त्याचं पोट रिकामं राहणं हाच मोठा धोका.

एक्स-रेमध्ये कमरेच्या मणक्यांना खालून हाडाचे पूल तयार झालेले दिसले. डाव्या खुब्याचा सांधा झिजलेला. मूत्राशयात भरपूर पांढरा गाळ, पण खडा नाही. लघवीत रक्त नव्हतं, संसर्ग नव्हता. रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडं ठीक होती.

पहिला निर्णय गाळाचा. भूल देऊन मूत्राशय धुऊन काढता येतं. डॉक्टरांनी दोन्ही बाजू मांडल्या: धुतल्याने लगेच आराम, पण या वयात भुलीचा धोका. लघवी अडलेली नव्हती, म्हणून आधी पाच दिवस कातडीखाली सलाईन, भरपूर पाणी आणि हालचाल, चार आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे, असं ठरलं. अडली, कुंथायला लागला तर त्याच दिवशी आणायचं.

दुसरा निर्णय एका परजीवीबद्दलचा. एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली नावाचा सूक्ष्म परजीवी सशाच्या मेंदूत आणि मूत्रपिंडात घर करतो. त्यानेही मागचे पाय लुळे पडतात आणि लघवी गळते. पण त्या आजारात होते तशी कापश्याची मान वाकडी नव्हती. पंजा उलटा ठेवला तर तो लगेच सरळ करत होता. रक्ताची चाचणी पॉझिटिव्ह आली तरी त्यातून एवढंच कळतं की कधीतरी संपर्क आला होता. डॉक्टरांनी त्याचं 28 दिवसांचं औषध तूर्त न देता सांध्यांच्या उपचारांना काय प्रतिसाद मिळतो ते बघायचं ठरवलं. मला हा निर्णय आजही योग्य वाटतो. दोन्ही औषधं एकदम सुरू केली असती, तर गुण कशाने आला ते कधीच कळलं नसतं.

मेलॉक्सिकॅम हे दुखणं कमी करणारं औषध, मूत्रपिंडांचा अहवाल पाहूनच, त्याच्या वजनाप्रमाणे सुरू झालं. माणसांच्या गोळ्या घरच्या घरी तोडून द्यायच्या नाहीत, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं.

घरात केलेले बदल

जाजम माळ्यावरून मी पहिल्याच संध्याकाळी काढायला लावलं होतं. त्याला तपासणीची वाट बघायची गरज नव्हती. आजींच्या पलंगापासून टबपर्यंत जाजम आणि दोन सतरंज्यांची सलग वाट केली, मध्ये एकही टाइल उघडी नाही. पहिल्या रात्रीच तो त्या वाटेवरून चालला. वाट संपली तिथे थांबला आणि मागे फिरला.

टब बदलला. पलंगाखाली सरकवायचा कपड्यांचा रुंद प्लास्टिकचा डबा घेतला. त्याची एक बाजू यजमानांनी गरम सुरीने कापून 3 सेंटीमीटरवर आणली, पॉलिश पेपरने घासली आणि कडेला सुती कापडाची पट्टी चिकटवली. टाळ्या वाजवणाऱ्या माणसाने हे दोन तास खाली बसून केलं. त्यानंतर ते त्याच्यावर ओरडलेले मी ऐकले नाही.

भुसा बंद. खाली वर्तमानपत्राचे थर, वर वाळलं गवत, आणि खायचं गवत टबाच्याच एका टोकाला. ससा खाता खाता लेंड्या टाकतो, त्यामुळे खाण्याची जागा आणि टब शेजारी असले की निम्मं काम होतं. दुसरा टब पलंगाच्या पायथ्याशी, जिथे पहाटेच्या फुल्या पडत होत्या नेमक्या तिथे.

फिनेलऐवजी पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं. कॅल्शियमचा थर त्याने विरघळतो आणि वासही जातो. व्हिट्रिफाइड टाइल्सवर हे चालतं. कोटा, शहाबादी किंवा संगमरवर असेल तर नको, त्या दगडाला व्हिनेगर खातं. पाण्याची नळीची बाटली काढून जड मातीचं पसरट भांडं ठेवलं. दोन दिवसांत तो दुप्पट पाणी प्यायला लागला. पोळलेली कातडी कोमट पाण्याच्या बोळ्याने पुसून लगेच कोरडी करायची, आंघोळ नाही.

माझी चूक

लसूणघास उद्यापासून बंद, असं मी सांगून टाकलं. तिथे मी चुकले.

साडेआठ वर्षं हिरवीगार जुडी खाणाऱ्या सशापुढे एकदम वाळलं गवत आलं. त्याने पहिल्या दिवशी हुंगून सोडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनींचा फोन आला: "ताई, लेंड्या मोहरीएवढ्या झाल्यात, आणि सकाळपासून मोजून सात." सशाने दहा-बारा तास काही खाल्लं नाही तर आतडं थांबू शकतं, आणि ते जिवावर बेततं. त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे न्यावं लागलं. सलाईन, आतड्याला चालना देणारं औषध, दर तीन तासांनी पिचकारीने भरवणं. आजींनी आणि वहिनींनी रात्र वाटून घेतली. पहाटे पाचला आजींनी फोन केला. "अगं, लेंडी पडली. चांगली हरभऱ्याएवढी आहे."

मग लसूणघास परत आणला आणि तीन आठवड्यांत चौथा-चौथा हिस्सा कमी करत, वाळलं गवत आणि ताजी हरळी वाढवत नेली. हे असंच करायचं असतं हे मला माहीत होतं. एक्स-रेमधला पांढरा गाळ बघून मी घाई केली.

परिणाम

औषधाच्या पाचव्या दिवशी कापश्याने मागच्या पायाने कान खाजवला. वहिनींनी त्याचा व्हिडिओ पाठवला. तो कान खाजवत नाही हे आम्हा कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

आजींच्या फेब्रुवारीच्या पानावर फुल्या दिवसाला पाचावरून दोनावर आल्या. मार्चच्या पानावर बहुतेक चौकोनांत एक किंवा शून्य. पहाटेचा टब दहा दिवसांत रुळला. चार आठवड्यांनंतरच्या एक्स-रेत गाळ निम्म्याहून कमी होता, मूत्राशय धुवावं लागलं नाही. मांड्यांची कातडी महिन्याभरात भरून आली.

शून्य फुल्या मात्र महिनाभर सलग कधीच झाल्या नाहीत. थंड पहाटे किंवा पाहुणे असलेल्या दिवशी एखादी होतेच. टबच्या कडेबाहेर पाच-सहा लेंड्या रोज असतात, त्या आजी झाडून घेतात.

वेगळं काय करता आलं असतं

घर बदलल्याबरोबर जाजम अंथरलं असतं, तर सांधे झिजलेले असूनही तो कदाचित अजून वर्षभर जुन्याच टबात जात राहिला असता. सांध्यांचं दुखणं घर बदलल्यावर आलं नव्हतं, ते आधीपासून होतं. जुन्या खरबरीत फरशीने ते झाकून ठेवलं होतं.

पिंजऱ्याचे 19 दिवस टाळता आले असते. वर्षानुवर्षं टब वापरणारा ससा पाच-सहा वर्षांच्या पुढे अचानक बाहेर लघवी करू लागला, तर शिकवणी सुरू करायच्या आधी डॉक्टर, हा क्रम आता मी पहिल्या फोनवरच सांगते. लेंड्या की लघवी, टबच्या किती जवळ, दिवसाच्या कुठल्या वेळी आणि घरात फरशी कोणती, हे चार प्रश्नही तेव्हाच विचारते. या घरी मी फोनवर फक्त वय आणि नसबंदी विचारली होती.

सातव्या वर्षी एक साधा एक्स-रे काढून ठेवला असता, तर तुलनेला काहीतरी हाताशी असतं. आणि खाण्यातला बदल तीन आठवड्यांत, कितीही घाई वाटली तरी.

सध्याची स्थिती

कापश्या आता नऊ वर्षं चार महिन्यांचा आहे. औषध चालू आहे, दर तीन महिन्यांनी रक्त तपासतात. नव्या इमारतीचं काम निम्म्यावर आलंय. फरशीचे नमुने निवडायला बिल्डरने बोलावलं तेव्हा यजमान खिशातून पायपुसण्याचा तुकडा घेऊन गेले आणि प्रत्येक टाइलवर तो सरकवून बघितला. हॉलसाठी खरबरीत मॅट टाइल निवडली आहे.